औषधाचं पेटंट संपतं त्या दिवशी नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: "अमुक औषधाचं पेटंट अमुक महिन्यात संपणार, अशी बातमी वाचली. त्या तारखेनंतर स्वस्त जेनेरिक लगेच मिळू लागेल का? काही औषधांची तारीख उलटून वर्षं झाली तरी जेनेरिक दिसत नाही. काहींवर तर पेटंटच नाही, तरी एकच कंपनी ते विकते. असं का?"

बहुतेक वेळा त्या दिवशी काहीच होत नाही. कधी बाजार त्याच्या आधीच खुला झालेला असतो, कधी आणखी पाच-सहा वर्षं बंद राहतो. मी गेली 22 वर्षं जेनेरिक औषधांच्या फाइलिंगचं काम करते. एखादं औषध कुठल्या देशात कोणत्या तारखेपासून विकता येईल हे शोधायचं आणि त्या तारखेला माल तयार असेल असं बघायचं, हे ते काम. आम्ही आपसात "पेटंट कधी संपतं" असं सहसा विचारत नाही. "शेवटची तारीख कोणती" असं विचारतो, कारण एका औषधाभोवती एका देशात सहा-सात तारखा असू शकतात आणि पेटंटची तारीख त्यातली एक असते. वर्तमानपत्रात बहुधा तीच छापून येते.

गोंधळाचं मूळ असं, की बाजारातला एकाधिकार म्हणजेच पेटंट असं आपण धरून चालतो. एकाधिकार ही परिस्थिती आहे: औषध एकच कंपनी विकते. ही परिस्थिती दोन अगदी वेगळ्या कायद्यांमुळे येऊ शकते. पेटंट देतं पेटंट कार्यालय, नव्या शोधासाठी. दुसरं संरक्षण मिळतं औषध नियामकाकडून, चाचण्या करून माहिती गोळा केल्याबद्दल. धंद्यात त्याला सरसकट एक्सक्लुझिव्हिटी म्हणतात, आपण नियामक संरक्षण म्हणू. पेटंटची 20 वर्षं अर्ज केल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि तो अर्ज औषधाचा मूळ रेणू अजून प्रयोगशाळेत असतानाच केलेला असतो. नियामक संरक्षण मंजुरीच्या दिवशी सुरू होतं. म्हणजे दोन्हींची सुरुवातच दहा-बारा वर्षांच्या अंतराने होते, मग शेवट एका दिवशी कसा येणार?

दोन्हींची जातही वेगळी आहे. पेटंटचं उल्लंघन झालं तर पेटंटधारकाला स्वतः कोर्टात जावं लागतं, आणि तिथे त्याचं पेटंटच टिकणार नाही असा निकाल लागू शकतो. नियामक संरक्षणाला असा धोका फारसा नाही. तिथे जेनेरिकचा अर्ज नियामक घेतच नाही, किंवा घेतला तरी मंजुरी रोखून धरतो. "हे संरक्षण चुकीचं दिलं, रेणू काही फारसा नवा नव्हता" असं म्हणून ते सहसा पाडता येत नाही. मुदत संपेपर्यंत थांबायचं, बहुतेक वेळा एवढंच हातात असतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अलीकडचं आहे. मधुमेह आणि लठ्ठपणावरच्या सेमाग्लुटाइडचं कॅनडातलं मुख्य पेटंट कंपनीने वार्षिक फी न भरल्यामुळे मुदतीच्या कितीतरी आधी निकालात निघालं. आता तिथे जेनेरिक लगेच यायला हवं होतं. आलं नाही, कारण कॅनडात नव्या औषधाच्या चाचण्यांच्या माहितीला मंजुरीपासून आठ वर्षं संरक्षण असतं आणि ती आठ वर्षं जानेवारी 2026 मध्ये पूर्ण होत होती. भारतात उलट. इथे माहितीला असं संरक्षण नाही, म्हणून मार्च 2006 मध्ये केलेल्या अर्जाची 20 वर्षं मार्च 2026 मध्ये भरली की रेणूवरचं कुलूप निघतं. आणि अमेरिकेत त्याच रेणूच्या पेटंटला मुदतवाढ मिळाल्यामुळे ते 2031 च्या अखेरीपर्यंत पोचतं. रेणू तोच, कंपनी तीच, आणि तीन देशांत तीन वेगवेगळ्या तारखा, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणाने. म्हणून कुणी "सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं" असं म्हणालं की मी आधी "कुठे?" असं विचारते.

ही गुंतागुंत उगाच झालेली नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन्ही बाजूंची तक्रार होती. नवं औषध शोधणाऱ्या कंपन्या म्हणत, 20 वर्षांतला (तेव्हा 17 वर्षं, पेटंट मिळाल्यापासून) मोठा भाग चाचण्यांत आणि मंजुरीत जातो, विक्रीला उरतं काय? जेनेरिकवाले म्हणत, आम्हाला तीच चाचणी पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात, म्हणून पेटंट संपूनही आम्ही येऊ शकत नाही. त्यातच बोलार नावाच्या कंपनीचा खटला गाजला. फ्लुराझेपाम या झोपेच्या औषधाचं पेटंट जानेवारी 1984 मध्ये संपणार होतं. ते संपताच बाजारात यावं म्हणून बोलारने 1983 च्या मध्यावर पाच किलो कच्चा माल परदेशातून मागवला आणि मंजुरीसाठी लागणाऱ्या तपासण्या सुरू केल्या. पेटंट रोश कंपनीकडे होतं, ती कोर्टात गेली. अपील कोर्टाने एप्रिल 1984 मध्ये सांगितलं की पेटंट जिवंत असताना मंजुरीसाठी तपासण्या करणं हेसुद्धा उल्लंघनच. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पेटंट संपल्यावर तयारी सुरू करा, म्हणजे आपोआप दोन-तीन वर्षांची जादा मक्तेदारी. जेनेरिकचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा वाचावा. एका तारखेमागे किती तयारी असते हे त्यातून कळतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हॅच-वॅक्समन कायदा आला आणि त्याने तो निकाल पुसून टाकला. पेटंट चालू असताना मंजुरीपुरत्या तपासण्या करायला मोकळीक मिळाली. जेनेरिकला स्वतःच्या मोठ्या चाचण्या नकोत, मूळ औषधाइतकंच ते रक्तात पोचतं एवढं दाखवलं की पुरे, हेही त्याच कायद्याने ठरलं. बदल्यात मूळ कंपनीला दोन गोष्टी मिळाल्या: गेलेल्या काळाची काही भरपाई म्हणून पेटंटला मुदतवाढ, आणि नव्या रेणूला पाच वर्षांचं नियामक संरक्षण. पुढे बहुतेक देशांनी आपापल्या पद्धतीने याच देवाणघेवाणीतलं काही घेतलं. भारताने तपासण्यांची मोकळीक घेतली (पेटंट कायद्याचं कलम 107 अ), मुदतवाढ आणि माहितीचं संरक्षण घेतलं नाही. माझ्या मते तो निर्णय योग्य होता आणि त्याचा फायदा भारताबाहेरच्या रुग्णांनाही झाला.

आता मी प्रत्यक्षात कागदावर काय मांडते ते दाखवते. औषध काल्पनिक आहे, नियम खरे आहेत. समजा रेणूचा आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज 10 मार्च 2008 चा. मूळ मुदत 10 मार्च 2028. भारताच्या रकान्यात मी हीच तारीख लिहिते आणि पुढे सरकते.

अमेरिकेच्या रकान्यात काम सुरू होतं. माणसांवरच्या चाचण्या 15 सप्टेंबर 2012 ला सुरू झाल्या, मंजुरीचा अर्ज 15 सप्टेंबर 2018 ला गेला, मंजुरी 15 सप्टेंबर 2019 ला मिळाली. चाचण्यांचा काळ सहा वर्षं, त्याचा निम्मा धरतात, म्हणजे तीन. अर्ज नियामकाकडे होता तो काळ एक वर्ष, तो पूर्ण धरतात. एकूण चार वर्षांची वाढ. वरची मर्यादा पाच वर्षांची आहे, आणि दुसरी मर्यादा अशी की मंजुरीपासून 14 वर्षांच्या पुढे पेटंट जाता कामा नये. इथे दोन्ही आड येत नाहीत. नवी तारीख 10 मार्च 2032. कंपनीने मुलांमधल्या वापराचा अभ्यास एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामकाच्या) लेखी विनंतीप्रमाणे करून दिला असेल तर आणखी सहा महिने: 10 सप्टेंबर 2032. यात एक बारकावा आहे. ते सहा महिने पेटंटची वाढ नसतात. पेटंट मार्चमध्येच संपतं, पण त्यानंतर सहा महिने एफडीए जेनेरिकला मंजुरी देत नाही. म्हणूनच पेटंट कार्यालयाच्या नोंदीत ते तुम्हाला सापडत नाहीत.

त्याच रकान्यात नियामक संरक्षणाची ओळ. पाच वर्षं 15 सप्टेंबर 2024 ला संपतात. पण एखादी जेनेरिक कंपनी "हे पेटंट वैध नाही किंवा आमच्या औषधाने ते मोडत नाही" असं प्रमाणपत्र देऊन चार वर्षांनंतरच, 15 सप्टेंबर 2023 ला अर्ज टाकू शकते. त्या एका दिवशी आठ-दहा कंपन्यांचे अर्ज पडलेले मी पाहिले आहेत, कारण पहिल्या दिवशी अर्ज करणाऱ्यांना पुढे 180 दिवसांचं स्वतःचं संरक्षण वाटून मिळतं, तेवढे दिवस नंतरच्या जेनेरिकना थांबावं लागतं. मूळ कंपनीने 45 दिवसांत दावा लावला की मंजुरीला स्थगिती लागते. एरवी ती 30 महिन्यांची. पण पाचव्या वर्षात अर्ज केलेला असेल तर ती मूळ मंजुरीपासून साडेसात वर्षांपर्यंत ताणली जाते, म्हणजे इथे 15 मार्च 2027. त्याआधी कोर्टात जेनेरिक जिंकली तर आणखी लवकर. या खेपेत बाजार 2032 च्या ऐवजी 2027 मध्येही खुला होऊ शकतो. "कधी बाजार आधीच खुला होतो" असं वर म्हटलं ते यासाठी.

युरोपच्या रकान्यात मंजुरी 15 फेब्रुवारी 2020 धरू. तिथला नियम आठ अधिक दोन अधिक एक: आठ वर्षं जेनेरिकचा अर्जच नाही, दहा वर्षांपर्यंत विक्री नाही, आणि पहिल्या आठ वर्षांत ठळक फायद्याचा नवा उपयोग मंजूर झाला तर अकरावं वर्ष. म्हणजे 15 फेब्रुवारी 2030. पण पेटंटपुढे पूरक संरक्षण प्रमाणपत्र लागतं. पेटंट अर्ज ते मंजुरी हा काळ घ्यायचा, त्यातून पाच वर्षं वजा करायची. इथे ते जवळजवळ सात वर्षं येतं, मर्यादा पाचची, म्हणून 10 मार्च 2033. मुलांमधला अभ्यास असेल तर 10 सप्टेंबर 2033.

तर एका रेणूचा हिशेब असा लागला: भारत मार्च 2028, अमेरिका 2027 ते सप्टेंबर 2032 यांच्या मधे कधीतरी, युरोप सप्टेंबर 2033. आणि हे सगळं फक्त रेणूवरच्या एका पेटंटचं.

मुलांच्या अभ्यासाचे सहा महिने हे सांगताना मला आजही माझं तिसरं वर्ष आठवतं. एका औषधाचं लाँच ठरलं होतं. पेटंटची तारीख तीन जणांनी तपासली होती, खोके छापून आले होते, पहिल्या बॅचेस निघाल्या होत्या. मूळ कंपनीने मुलांमधल्या अभ्यासाचे अहवाल शेवटच्या काळात सादर केले. एफडीएच्या ऑरेंज बुकच्या (मंजूर औषधांची, त्यांच्या पेटंट आणि संरक्षणाच्या तारखांसह यादी) मासिक पुरवणीत त्या पेटंटच्या ओळीखाली तोच क्रमांक पुन्हा आला, शेवटी एक चांदणी आणि "पीईडी" ही तीन अक्षरं, आणि तारीख सहा महिने पुढची. आमच्याकडे ती पुरवणी दर महिन्याला कुणी उघडत नव्हतं. 24 महिन्यांच्या शेल्फ लाइफचा माल सहा महिने गोदामात बसला, आणि मोठे खरेदीदार इतका जुना माल घेत नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक औषधाची ओळ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः वाचते.

रेणूच्या पेटंटपलीकडे दुसरी फळी असते: क्षार, स्फटिकरूप, गोळीची घडण, डोसची पद्धत, आजारानुसार वापर, बनवण्याची प्रक्रिया. यातले काही शोध खरे असतात. सावकाश विरघळणारी गोळी बनवणं हे कठीण काम आहे, आणि अशा पेटंटला वळसा घालून आपली वेगळी गोळी बनवता येते, म्हणून ती फारशी अडत नाहीत. अडतात ती रुंद शब्दांत लिहिलेली आणि संख्येने खूप असलेली पेटंट. अ‍ॅडालिमुमॅबचं, म्हणजे संधिवातावरच्या हुमिराचं, उदाहरण सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. 2002 च्या शेवटी अमेरिकेत मंजूर. जैविक, म्हणजे जिवंत पेशींमधून बनवलेल्या, औषधाला तिथे 12 वर्षांचं नियामक संरक्षण, ते 2014 मध्ये संपलं. मुख्य पेटंट 2016 च्या शेवटी संपलं. पहिलं बायोसिमिलर (जैविक औषधाची जवळजवळ तशीच प्रत) एफडीएने सप्टेंबर 2016 मध्ये मंजूरही केलं. ते रुग्णांच्या हातात पडलं 31 जानेवारी 2023 ला. मधली सहा वर्षं सव्वाशेहून अधिक पेटंटच्या जाळ्याने आणि त्यातून झालेल्या तडजोडींनी खाल्ली. युरोपात हेच ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झालं होतं. त्याच आजारावरच्या इटॅनरसेप्टचं तर याहून लांबलेलं: अमेरिकेत बायोसिमिलर ऑगस्ट 2016 मध्ये मंजूर, आणि मुदत पेटंट मिळाल्यापासून मोजणाऱ्या जुन्या कायद्याच्या काळात केलेल्या अर्जांवर उशिरा मिळालेली पेटंट 2029 पर्यंत उभी. मंजूर झालेलं औषध, तयार कंपनी, आणि विकायची परवानगी नाही. संधिवाताच्या रुग्णाला हे समजावून सांगणं मला अजून जमलेलं नाही.

ही फळी मोडता येते, हे बेडाक्विलिनने दाखवलं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं हे औषध. रेणूचं पेटंट भारतात जुलै 2023 मध्ये संपणार होतं, पण त्याच्या फ्युमरेट क्षारावर वेगळा अर्ज होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 पर्यंत गेली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रिया, नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले, यांनी 2019 मध्ये त्या अर्जाला मंजुरीपूर्व विरोध नोंदवला. क्षयाच्या जुन्या औषधांमुळे दोघींचीही ऐकण्याची शक्ती गेली होती. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. भारतीय कायद्यात कुणालाही पेटंट मिळण्याआधी विरोध करता येतो, आणि कलम 3(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप परिणामात ठळक सुधारणा दाखवत नसेल तर तो शोध नाही. कॅन्सरवरच्या इमॅटिनिबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 ला याच कलमावर शिक्का मारला होता. तुमच्या प्रश्नातल्या "पेटंट कधी संपतं" याला या दोघींनी दिलेलं उत्तर असं, की ते पेटंट मिळूच द्यायचं नाही.

आता उलट बाजू: पेटंट नाही आणि तरी एकच कंपनी. कोल्चिसिन हे गाऊट या सांधे सुजवणाऱ्या आजारावरचं औषध शतकानुशतकं वापरात आहे, त्याच्या रेणूवर कुणाचं पेटंट असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत ते जुन्या पद्धतीने, औपचारिक मंजुरीशिवाय, अनेक कंपन्या विकत होत्या. एफडीएने अशा औषधांची मंजुरी घ्यायला लावली. एका कंपनीने 2009 मध्ये चाचणी करून मंजुरी मिळवली. तिला गाऊटसाठी तीन वर्षांचं आणि एका दुर्मिळ आनुवंशिक तापाच्या आजारासाठी सात वर्षांचं संरक्षण मिळालं. बाकीच्यांना पुढच्या वर्षी बाजारातून हटवण्यात आलं. नऊ सेंटच्या आसपास मिळणारी गोळी जवळजवळ पाच डॉलरवर गेली. त्या चाचणीतून काही उपयोगी गोष्टी कळल्या, कमी डोस तितकाच चालतो हे कळलं, ते मी नाकारत नाही. पण त्या माहितीची किंमत रुग्णाने इतकी द्यावी, हे मला मान्य नाही.

माहितीच्या संरक्षणाबद्दल लोक एक गोष्ट बरोबर सांगतात: ते तुम्हाला औषध बनवायला मनाई करत नाही, फक्त आमच्या चाचण्यांवर विसंबू नका असं म्हणतं. स्वतःच्या पूर्ण चाचण्या करा आणि या. कागदावर हे खरं आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की औषध काम करतं हे ठाऊक असताना पुन्हा शेकडो रुग्णांना घेऊन त्यातल्या काहींना ते द्यायचं नाही. कुठल्याही विचारी नैतिकता समितीने याला परवानगी देऊ नये. म्हणून ती वाट उघडी दिसते तरी बंदच असते. आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही: सरकारने पेटंटवर सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवायची परवानगी) दिला, तरी माहितीचं संरक्षण असलेल्या देशात जेनेरिकची नोंदणी अडू शकते. पेटंटमध्ये ठेवलेली आणीबाणीची वाट दुसऱ्या कायद्याने बुजते.

सगळ्या तारखा संपल्या असं धरू. मग किंमत कधी उतरते? ते किती जण येतात यावर आहे. एफडीएने 2019 मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार एकच जेनेरिक असेल तर किंमत सुमारे 39 टक्के उतरते, दोन असतील तर 54, चार असतील तर 79, आणि सहा किंवा अधिक असतील तर 95 टक्क्यांहून जास्त. म्हणजे खरा फरक पहिल्या जेनेरिकने नव्हे, चौथ्या-पाचव्याने पडतो. अमेरिकेत ते पहिले 180 दिवस याच कारणाने महाग राहतात. कोलेस्टेरॉलवरच्या अ‍ॅटोर्वास्टॅटिनच्या वेळी, 30 नोव्हेंबर 2011 ला, रॅनबॅक्सीच्या जेनेरिकबरोबर त्याच दिवशी मूळ कंपनीच्या संमतीने दुसऱ्या कंपनीने विकलेलं अधिकृत जेनेरिकही आलं. बाकीचे सहा महिन्यांनी आले आणि मग किंमत खरी कोसळली.

आणि कधी कुणी येतच नाही. पायरिमेथामाइन हे परजीवींच्या संसर्गावरचं 1953 सालचं औषध. पेटंट नाही, संरक्षण नाही. 2015 मध्ये अमेरिकेत हक्क विकत घेणाऱ्या कंपनीने गोळी साडेतेरा डॉलरवरून 750 डॉलरवर नेली, आणि मर्यादित वितरणामुळे तुलना करायला लागणारे नमुनेच प्रतिस्पर्ध्यांना सहज मिळेनात. पहिलं जेनेरिक 2020 मध्ये मंजूर झालं. रुग्ण थोडे, कच्चा माल बनवणारा एखादाच, आणि कारखाना उभारण्याइतका नफा नाही, अशा औषधाची मक्तेदारी कायद्याशिवायही टिकते. इंजेक्शनं, इन्हेलर, कॅन्सरच्या जुन्या औषधांत हे वारंवार दिसतं.

दोन डावपेच थोडक्यात. पेटंट संपण्याआधी रुग्णांना जुन्या गोळीवरून नव्या, लांब पेटंटच्या रूपावर हलवायचं. अल्झायमरवरच्या मेमँटिनच्या बाबतीत जुनी गोळी बाजारातून काढण्याचा असा प्रयत्न अमेरिकन कोर्टाने 2014-15 मध्ये थांबवला. दुसरा, जेनेरिक कंपनीला पैसे देऊन उशीर करायला लावायचा. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा तडजोडी स्पर्धाविरोधी कायद्याखाली तपासता येतील असं ठरवलं. तडजोडीतली तारीख पुष्कळदा गोपनीय असते, म्हणून आमचा हिशेब तिथे चुकू शकतो.

तुम्हाला एखाद्या औषधाची तारीख स्वतः बघायची असेल तर अमेरिकेसाठी एफडीएचं ऑरेंज बुक, जैविक औषधांसाठी पर्पल बुक, दोन्ही मोफत. औषधाचं नाव टाका, पेटंटचा तक्ता आणि त्याखालचा एक्सक्लुझिव्हिटीचा तक्ता, दोन्ही वाचा. लोक पहिला वाचून थांबतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेची मेडस्पाल ही यादी आहे. तिच्यात बऱ्याच देशांसाठी माहितीच्या संरक्षणाचीही नोंद असते. भारतासाठी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची सद्यस्थिती बघा, आणि "मंजूर" दिसलं तरी नूतनीकरणाची फी भरली आहे का तेही बघा. कॅनडात काय झालं ते वर आलंच आहे.

आणि तुम्ही रुग्ण असाल किंवा घरात कुणी असेल, तर बातमीतल्या तारखेवर विसंबून औषध पुढे ढकलू नका, डोस अर्धा करू नका. डॉक्टरांना विचारा की याच गटातलं, आधीच जेनेरिक झालेलं दुसरं औषध चालेल का. पुष्कळदा चालतं, आणि त्यासाठी कुठल्याच तारखेची वाट बघावी लागत नाही. जिथे चालत नाही तिथे मूळ कंपनीच्या सवलत योजनेची आणि सरकारी खरेदीतल्या किमतीची चौकशी करा. औषधाचं नाव, कुठल्या आजारासाठी आणि कुठल्या देशात, एवढं कळवलंत तर त्याचा रकाना मी मांडून देईन.